कारखान्याच्या कुंपणाबाहेरची हवा मोजायची तर

गच्चीवर धुळीचा सेन्सर लावला, मोबाइलवर १८० दिसले, स्क्रीनशॉट काढून तक्रार केली आणि कारखान्याने एका ओळीत उत्तर दिलं: ‘ही रस्त्याची धूळ आहे.’ बहुतेक वस्त्यांची मोजणी इथेच संपते, कारण पुढे बोलायला हातात काही नसतं. आकडा खोटा असतोच असं नाही. पण तेव्हा वारा कुठून होता, त्याच तासाला कारखान्याच्या पलीकडच्या बाजूला किती होतं, हवा किती दमट होती, तो सेन्सर मुळात किती चढा दाखवतो, यातलं काहीच सोबत नसेल तर तो आकडा कारखान्याविषयी काही सांगत नाही. म्हणून उपकरण शेवटी घ्या. आधी प्रश्न ठरवा.

प्रश्न नेमका हवा. ‘हवा खराब आहे का?’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. ‘रात्री दहा ते पहाटे चार या वेळात, वारा भट्टीकडून असताना, शाळेपाशी गंधकाचा वायू वाढतो का?’ हा मोजता येतो. त्यातून कोणता घटक, कुठे, कधी आणि किती अंतराने मोजायचा, हे आपोआप ठरतं.

कारखान्यातून काय निघतं ते आधी कागदावर

परवान्याची कागदपत्रं, पर्यावरण परिणामांचा अहवाल, इंधनाचा प्रकार आणि कच्च्या मालाची यादी मिळवा. कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळत असेल तर सल्फर डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण. पेट्रोलियम शुद्धीकरण किंवा द्रावकं वापरणारा कारखाना असेल तर बेंझीन, टोल्युईन, झायलीन अशी बाष्पं. सांडपाणी प्रक्रिया, चामडं किंवा कागदाचा लगदा असेल तर हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू) आणि त्याचे नातेवाईक. खडी क्रशर, सिमेंट, कोळशाचे ढीग असतील तर जाड धूळ. धातू वितळवत असतील तर धुळीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक शोधावं लागतं, आणि ते कुठल्याही स्वस्त सेन्सरला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, जी नकाशावर लगेच दिसत नाही: प्रदूषण चिमणीतून येतंय की जमिनीलगत? उंच चिमणीचा धूर कुंपणापाशी बऱ्याचदा डोक्यावरून निघून जातो आणि दूर कुठेतरी, साधारणपणे चिमणीच्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरावर किंवा त्याही पुढे, जमिनीला टेकतो. त्यामुळे कुंपणाला चिकटून असलेल्या घरात शून्य आणि दोन किलोमीटरवरच्या गावात डोळे चुरचुरणं, हे अगदी शक्य आहे. उलट टाक्यांची झाकणं, पाइपांचे जोड, पट्ट्यावरून पडणारा कोळसा, उघडे हौद यांतून निघणारं सगळं जमिनीलगत पसरतं आणि त्याचा त्रास सगळ्यात जवळच्या घरांना होतो, तोही वारा पडलेल्या रात्री जास्त. मोजणीची जागा या फरकावर ठरते.

वारा मोजल्याशिवाय हवा मोजू नका

पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील, तर धुळीचा दुसरा सेन्सर घेण्यापेक्षा वाऱ्याचं यंत्र घ्या. प्रमाणित उंची जमिनीपासून १० मीटर. तेवढा खांब नसेल तर गच्चीवर, पण पाण्याच्या टाकीपासून आणि जिन्याच्या खोलीपासून दूर, कठड्याच्या बऱ्याच वर. कठड्याच्या आडोशाला लावलेलं यंत्र इमारतीभोवतीचे भोवरे मोजतं, वारा नाही.

यंत्रावर उत्तरेची खूण असते. ती खऱ्या उत्तरेकडे लावा. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ २०-३० अंश सहज चुकतं. त्यापेक्षा उपग्रह नकाशावर आपली गच्ची आणि लांबची ओळखीची खूण, म्हणजे पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा मनोरा, यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन काढा आणि यंत्र त्यावरून जुळवा. एकदा बसवलं की खांबावर रंगाची रेघ मारून ठेवा; महिन्याभराने खांब फिरला आहे का ते एका नजरेत कळतं.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून. गटातल्या प्रत्येकाला हे दोनदा सांगा, कारण अहवाल उलटा होण्याचं पहिलं कारण हेच आहे.

दुसरं कारण सरासरी. वारा उत्तरेकडून असताना एक नोंद ३५० अंश आणि पुढची १० अंश येते. साधी सरासरी काढली तर १८०, म्हणजे थेट दक्षिण! स्प्रेडशीट ही चूक निमूटपणे करते. दिशेच्या साइन आणि कोसाइनची वेगवेगळी सरासरी काढून मग कोन परत काढावा लागतो. ‘आर’ या मोफत संगणकभाषेतलं ‘ओपनएअर’ नावाचं पॅकेज हे काम बरोबर करतं आणि कुठल्या दिशेच्या, किती वेगाच्या वाऱ्याबरोबर प्रदूषण वाढतं त्याचा गोल आलेखही काढून देतं. एकाच कारखान्याच्या दोन बाजूंच्या दोन ठिकाणांचे असे आलेख नकाशावर ठेवले आणि दोघांचे फुगवटे एकाच आवाराकडे बोट दाखवत असले, तर ‘रस्त्याची धूळ’ हे उत्तर टिकत नाही.

तिसरं कारण घड्याळ. वाऱ्याचं यंत्र स्थानिक वेळ लिहितं, सेन्सर जागतिक प्रमाणवेळ लिहितो, आणि दोन्ही फाइली तशाच जोडल्या जातात. काही तासांच्या फरकाने दुपारचा वारा संध्याकाळच्या धुळीला चिकटतो. समुद्राकाठी किंवा दरीत तर वारा संध्याकाळी उलटतोच, तिथे या चुकीने दोषी बाजूच बदलते. सगळी उपकरणं एकाच वेळेवर ठेवा आणि फाइलच्या नावातच कुठली वेळ ते लिहा.

वाऱ्याचा तासाभराचा सरासरी वेग अर्धा मीटर प्रति सेकंदाच्या खाली असेल तर दिशा धरू नका. दिशेचा बाण तेव्हा जिथे थांबला तीच दिशा यंत्र लिहीत बसतं. पण ते तास फेकूनही देऊ नका. ‘शांत वारा’ असा वेगळा गट करा. जमिनीलगतच्या गळतीचे सगळ्यात वाईट आकडे याच गटात असतात.

जागा निवडताना

उपकरणाचं तोंड माणूस श्वास घेतो त्या उंचीवर, जमिनीपासून दीड ते तीन मीटर. जवळच्या भिंतीचा किंवा झाडाचा जितका भाग त्या तोंडाच्या वर येतो, त्याच्या किमान दुप्पट अंतर त्यापासून राखा. कारखान्याच्या दिशेने तर समोर काहीच नको. स्वयंपाकघराचा झरोका, जनरेटर, वातानुकूलन यंत्राचा झोत, कचरा जाळायची जागा, पार्किंग ही सगळी नको असलेली शेजारपाजार.

किमान दोन ठिकाणं हवीत: नेहमीचा वारा कारखान्यावर जिकडून येतो त्या बाजूला एक आणि जिकडे जातो त्या बाजूला एक. दोन्हींतला फरक हाच कारखान्याचा वाटा. शहराची, रस्त्याची, हंगामाची धूळ दोन्हीकडे असते आणि वजाबाकीत जाते. अमेरिकेत तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी २०१५ मध्ये केलेल्या नियमाचं तत्त्वही हेच आहे. कुंपणाभोवती नळ्या लावायच्या, दर १४ दिवसांच्या फेरीत सगळ्यात जास्त बेंझीनमधून सगळ्यात कमी वजा करायचं, आणि या फरकाची वर्षाची सरासरी ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर गेली तर कारखान्याने कारण शोधून दुरुस्त करायचं. मोजणी कारखान्यानेच करायची असते, पण ही वजाबाकी वस्तीलाही करता येते.

धुळीचा सेन्सर: काय दिसतं, काय दिसत नाही

बाजारातले बहुतेक स्वस्त सेन्सर, ‘पीएमएस ५००३’ आणि त्याचे भाऊबंद, छोट्या पंख्याने हवा ओढतात, लेझरच्या झोतातून नेतात आणि कणांवरून उसळलेला प्रकाश मोजतात. वजन ते मोजत नाहीत. प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतात. पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा, अंदाज दुरुस्तीनंतर उपयोगी असतो. पीएम १० चा (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा) आकडा मात्र जवळजवळ नुसता हिशेब आहे, कारण जाड कण त्या छोट्या वळणदार मार्गात शिरतच नाहीत. खडी क्रशरशेजारी पांढऱ्या धुळीने पानं माखलेली असताना सेन्सर ‘हवा चांगली’ म्हणतो, तो याचमुळे. जाड धुळीसाठी हा सेन्सर वापरूच नका. त्याची पद्धत पुढे आहे.

दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला मोठे दिसतात. सापेक्ष आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की आकडा झपाट्याने चढतो, आणि धुक्यात तर पाण्याचे थेंबच धूळ म्हणून मोजले जातात. त्यामुळे आर्द्रता आणि तापमानाची नोंद प्रत्येक ओळीत हवीच.

सेन्सर एकाच मोजणीचे दोन रकाने देतो, दोन वेगळ्या हिशेबांचे: ‘सीएफ १’ आणि ‘वातावरणीय’. कमी प्रदूषणात दोन्ही सारखे, जास्तीत ते फुटतात आणि ‘सीएफ १’ वर जातो. एक निवडा आणि कोणता ते लिहा. दोन गटांनी दोन रकाने वापरले की त्यांचे नकाशे जुळत नाहीत आणि कारण कुणाला सापडत नाही.

दुरुस्तीने केवढा फरक पडतो ते एका उदाहरणाने बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर या, अशाच स्वस्त सेन्सरच्या तयार उपकरणासाठी काढलेलं एक सूत्र असं आहे:

दुरुस्त पीएम २.५ = ०.५२४ × सीएफ १ − ०.०८६२ × आर्द्रता टक्के + ५.७५

सेन्सरवर १०० आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ५२.४ − ५.२ + ५.८, म्हणजे सुमारे ५३. शंभराचे निम्मे झाले! हे सूत्र तिथल्या हवेवर बेतलेलं आहे. तुमच्या कारखान्याची राख किंवा काजळी वेगळी, तिच्यावरून प्रकाश वेगळा उसळतो. तेव्हा सूत्र उचलू नका, पद्धत उचला.

पद्धत अशी. सगळे सेन्सर आधी एकाच ठिकाणी, एकमेकांपासून हातभर अंतरात, आठवडाभर चालवा. जो बाकीच्यांपेक्षा सतत चढा किंवा उतरता आहे तो ओळखा. ज्याचा कल दिवसागणिक बदलतो तो सरळ बाजूला काढा. मग निदान एक सेन्सर हवा मोजणाऱ्या अधिकृत संदर्भ केंद्राच्या शेजारी दोन आठवडे ठेवा. त्यात कोरडे आणि दमट, स्वच्छ आणि घाण असे दोन्ही प्रकारचे दिवस आले पाहिजेत. ताशी सरासऱ्या घेऊन, आर्द्रता धरून, सेन्सरच्या आकड्यावरून केंद्राचा आकडा सांगणारी रेषा बसवा. मोजणी संपल्यावर हेच पुन्हा करा. सुरुवातीची आणि शेवटची रेषा जुळली नाही तर सेन्सर मध्ये कुठेतरी सरकला आहे, आणि ते तुम्ही सांगण्याआधी समोरच्याने सांगितलं तर सगळा अहवाल संशयात जातो.

बिघाडांत पहिला नंबर कोळ्याचा. पंख्याच्या तोंडाशी जाळं विणतो, आणि मग आकडा रात्रंदिवस एका पातळीवर अडकतो किंवा अचानक उड्या मारतो. जाळी बारीक लावली तर ती धुळीने बुजते, म्हणून महिन्यातून एकदा ब्रशने साफ करणं हाच उपाय. पंखा घरघरायला लागला की लेझरसमोरची हवा कमी झालेली असते, आकडे खाली जातात आणि लोकांना वाटतं हवा सुधारली. लेझरचं आयुष्य सेन्सरप्रमाणे बदलतं; काहींचं सलग चालवल्यास एखादंच वर्ष. एकाच डब्यात दोन सेन्सर बसवले तर हे सगळं लवकर पकडता येतं: दोघांत मोठा फरक पडला की एक आजारी आहे.

सेन्सरची नोंद दर एक-दोन मिनिटांनी ठेवा. भट्टी उघडणं, बॉयलरची काजळी झाडणं, यंत्रणा सुरू-बंद करणं या गोष्टी काही मिनिटांच्या असतात आणि ताशी सरासरीत विरघळून जातात.

वायू

विद्युत-रासायनिक सेन्सर सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी मिळतात. वीज दिल्यावर स्थिरावायला त्यांना बराच वेळ लागतो, तापमान बदललं की शून्य सरकतं, आणि ते एकमेकांच्या वायूंना फसतात. आयुष्य दोनेक वर्षं. एक चाचणी करा: प्रदूषणाचा आलेख आणि तापमानाचा आलेख एकावर एक ठेवा. दोन्ही रोज दुपारी बरोबर चढत-उतरत असतील तर तुम्ही बहुधा तापमान मोजताय. आणि ‘सगळे वायू ओळखणारा’ म्हणून विकला जाणारा धातू-ऑक्साइड सेन्सर? त्याला अत्तर, गॅसची शेगडी आणि ओलावा सारखेच. पुराव्यासाठी तो निरुपयोगी आहे.

हातात धरायचं पीआयडी यंत्र अतिनील दिव्याने वायूचे रेणू भारित करून मोजतं. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, बेंझीनला ९.२४ पुरतात, म्हणून ते दिसतं, पण मिथेनला १२.६ लागतात, ते दिसत नाही. शिवाय पडद्यावरचा आकडा एकूण बाष्पांचा असतो, तोही आयसोब्युटिलीनच्या, म्हणजे यंत्र जुळवायला वापरलेल्या वायूच्या, मापात. त्यात बेंझीन किती हे पीआयडी सांगत नाही. गळती कुठे जास्त ते हुडकायला आणि नमुना कुठे घ्यायचा ते ठरवायला मात्र ते उत्तम.

सतत येणाऱ्या बाष्पांसाठी वस्तीच्या हातातलं सगळ्यात भक्कम साधन म्हणजे शोषक नळी. वीज नको, पंप नको. बोटाएवढी स्टीलची नळी, आत बेंझीनसाठी ‘कार्बोपॅक एक्स’ नावाची शोषक पूड. खूण केलेल्या टोकाचं पितळी झाकण काढून जाळीची टोपी लावायची, पावसाच्या छत्रीखाली तोंड खाली करून १४ दिवस टांगायची, परत झाकण लावून प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे नळी तापवून बाहेर पडलेली बाष्पं गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

हिशेब तुम्ही स्वतः पडताळू शकता. ही पूड बेंझीन जणू मिनिटाला ०.६७ मिलिलिटर हवा ओढल्यासारखं शोषते. १४ दिवसांची मिनिटं २०,१६०. गुणाकार १३,५०७ मिलिलिटर, म्हणजे ०.०१३५ घनमीटर. प्रयोगशाळेने नळीत १३५ नॅनोग्रॅम बेंझीन सांगितलं, तर ०.१३५ मायक्रोग्रॅम भागिले ०.०१३५, म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

आता बघा किती थोडक्यात हे बिघडतं. सगळ्या नळीत १३५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या कोटीव्या भागाहून जरासंच जास्त. पेट्रोल भरून आलेल्या हातांनी टोपी बदलली, नळीजवळ मार्कर पेनने क्रमांक लिहिला, गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी डबा ठेवला, एवढं पुरतं. क्रमांक आधीच कोरलेला असतो, तोच वहीत लिहा. हातमोजे घाला. झाकण हाताने आवळून पान्याने पाव फेरा. जास्त आवळलं तर आतली रिंग चेपते आणि झाकण गळतं.

आणि रिकाम्या नळ्या. प्रत्येक फेरीत दोन नळ्या जागेवर न्यायच्या, तिथे ठेवायच्या, पण उघडायच्या नाहीत, आणि बाकीच्यांबरोबर पाठवायच्या. त्यांत बेंझीन सापडलं तर ते हवेतलं नाही, वाटेतलं आहे. दहा नळ्यांमागे एका ठिकाणी जोडनळी, म्हणजे शेजारीच तशीच दुसरी नळी, लावा. दोघींत ३० टक्क्यांहून जास्त फरक आला तर ती नोंद वापरू नका. पैसे कमी आहेत म्हणून लोक नेमकं हेच वगळतात. त्यापेक्षा दोन ठिकाणं कमी करा.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी अशाच प्लास्टिकच्या छोट्या नळ्या मिळतात, आत ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी. दोन ते चार आठवडे टांगायच्या.

वास आला आणि गेला

नळी १४ दिवसांची सरासरी देते. रात्री पाऊण तास आलेली झुळूक तिच्यात पुसली जाते. त्यासाठी त्या क्षणाची हवा पकडावी लागते. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकाच्या मध्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या लोकांसाठी ‘बादली’ तयार झाली, ती यासाठीच. सुमारे २० लिटरची झाकणबंद प्लास्टिक बादली, आत टेडलार नावाच्या प्लास्टिकची पिशवी, पिशवीचं तोंड झाकणातून झडपेने बाहेर, आणि झाकणाच्या दुसऱ्या भोकाला छोटा पंप. पंप बादलीतली हवा ओढतो, पिशवीभोवती पोकळी होते आणि बाहेरची हवा झडपेतून पिशवीत शिरते. नमुना पंपातून जात नाही, म्हणून पंपाचं तेल त्यात मिसळत नाही.

पिशवी दोन-तृतीयांशच भरा. उन्हात ठेवू नका, काळ्या पिशवीत गुंडाळा. गंधकाची संयुगं शोधायची असतील तर २४ तासांत ती यंत्रावर चढली पाहिजेत, बाकीच्या बाष्पांना तीन दिवसांच्या आत. म्हणून नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेला फोन झालेला हवा. शुक्रवारी रात्री घेतलेला नमुना सोमवारी पोचून उपयोग नसतो. टेडलारमधून फिनॉल आणि डायमिथाइलअॅसिटामाइड सुटतात, ती अहवालात दिसली तर कारखान्याच्या नावावर टाकू नका. पिशवी पुन्हा वापरू नका.

बजेट असेल तर पोकळी केलेला सहा लिटरचा स्टीलचा कॅनिस्टर जास्त टिकाऊ नमुना देतो. झडप उघडली की तो स्वतः हवा ओढतो. प्रवाह नियंत्रक लावला तर २४ तासांत हळूहळू भरतो. सुरुवातीला दाबमापक पाऱ्याच्या उणे ३० इंचांच्या जवळ दाखवतो. उणे ५ च्या आसपास झडप बंद करा. शून्यावर आलेला कॅनिस्टर नेमका कधी भरून थांबला ते कळत नाही, म्हणजे तो २४ तासांचा नमुना राहत नाही.

हे सगळं कुणी तरी वास आल्यावर लगेच केलं पाहिजे, म्हणून वासाची वही आधी सुरू करा: तारीख, वेळ, जागा, वासाचा प्रकार (सडकी अंडी, रंग, जळकं रबर), तीव्रता १ ते ५, किती वेळ, वाऱ्याची दिशा, डोळे-घसा-डोकेदुखी. वास आला नाही त्या वेळांचीही नोंद ठेवा, नाहीतर वही तक्रारींची होते, मोजणीची नाही. नावांऐवजी घरांना क्रमांक द्या. महिन्याभरात वेळेचा साचा दिसायला लागतो आणि बादली घेऊन कुणी कधी जागं राहायचं ते ठरतं.

इथे एक कडक सूचना. नमुन्यासाठी कुंपणाच्या आत जाऊ नका आणि वासाचा माग काढत पुढे जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइड हवेत १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नसतं. गुदमरल्यासारखं झालं तर उपकरण तिथेच टाका आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडा. वर सांगितलेलं एकही साधन अपघाताची सूचना देणारं नाही.

खाली बसणारी धूळ

छतावर, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी जाड धूळ मोजायला सगळ्यात साधं भांडं लागतं: सरळ कडांचं, निदान १५ सेंटिमीटर व्यासाचं, उंची व्यासाच्या दुप्पट-तिप्पट. जमिनीपासून दोन मीटरवर खांबाला बसवा, ३० दिवस ठेवा. कडेवर पक्षी बसतात, म्हणून वर तारेचं कडं लावा. पाऊस येणार असेल तर भांडं खोल घ्या. ओसंडून गेलं की नमुना गेला. परत आल्यावर पानं-किडे चिमट्याने काढा, भांडं डिस्टिल्ड पाण्याने खरवडून गाळा, वाळवा, वजन करा. गाळणकागदाचं कोरडं वजन आधी केलेलं हवं.

१५ सेंटिमीटरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर. ३० दिवसांत ०.१६ ग्रॅम धूळ मिळाली, तर रोजची सुमारे ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. तीच धूळ धातूंच्या तपासणीला देता येते. आवारातल्या ढिगाऱ्याशी तिची घडण जुळली तर आणखी बरं.

श्वासातल्या धुळीतले धातू हवे असतील तर पंप आणि गाळणकागद लागतो. मिनिटाला १६.७ लिटरने २४ तास म्हणजे २४ घनमीटर हवा. कागदाचं वजन १.२ मिलिग्रॅम वाढलं तर ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. इतकं बारीक वजन तापमान-आर्द्रता सांभाळलेल्या खोलीतच होतं, तेव्हा कागद प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि तिकडेच परत द्या.

चिमणीचे फोटो

फोटो काढाच, पण सूर्य पाठीशी असताना, ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या वेळी, धूर नसलेल्या दिवसांचेही. पांढरा भपकारा बऱ्याचदा वाफेचा असतो: चिमणीच्या थोडा वर सुरू होतो आणि ठराविक अंतरावर एकदम विरतो. वाफ विरल्यानंतरही मागे लांबपर्यंत निळसर किंवा करडा पट्टा राहत असेल तर तो पट्टा बघण्यासारखा आहे. वाफेचा फोटो जोडलेली तक्रार कारखान्याला आवडते.

तुलना करताना

पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) आणि मायक्रोग्रॅम मिसळू नका. २५ अंश सेल्सिअसला पीपीबीला रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागा: १ पीपीबी सल्फर डायऑक्साइड म्हणजे २.६२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, बेंझीन ३.१९, हायड्रोजन सल्फाइड १.३९.

मर्यादा नेहमी कालावधीसकट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्यांत पीएम २.५ साठी २४ तासांना १५ आणि वर्षाला ५ मायक्रोग्रॅम आहेत. सल्फर डायऑक्साइडसाठी २४ तासांना ४०, आणि १० मिनिटांची ५०० ही जुनी पातळी कायम आहे. एका मिनिटाचा २०० चा उंचवटा २४ तासांच्या पातळीशी लावला की समोरचा तज्ज्ञ तेवढंच धरून बाकी सगळं बाजूला सारतो. ज्या दिवसाच्या ७५ टक्क्यांहून कमी नोंदी आहेत त्याची दैनिक सरासरी काढू नका.

मग तीन तुलना करा. वारा कारखान्याकडून असतानाचे तास विरुद्ध बाकीचे तास. कारखान्याच्या दोन बाजूंमधला फरक, त्याच तासाला. आणि कारखाना बंद असतानाचे दिवस विरुद्ध चालू असतानाचे. देखभालीची सुट्टी किंवा संप यासारखी संधी नसते, तेव्हा उपकरणं चालू राहतील याची आधीच तजवीज ठेवा. सूर्योदयानंतर तासा-दोन तासांनी येणाऱ्या उंचवट्याकडे खास लक्ष द्या. रात्रभर वर अडकलेला चिमणीचा धूर जमीन तापायला लागली की खाली मिसळतो, आणि नेमकी तीच वेळ रहदारीची असते. सल्फर डायऑक्साइड सोबत वाढला आणि गाड्यांच्या इंधनात गंधक कमी असेल तर गाड्यांवर ढकलणं अवघड जातं. नुसता नायट्रोजन डायऑक्साइड वाढला असेल तर संशय रस्त्यावरच ठेवा.

अहवालाला मूळ कच्च्या फाइली जोडा, दुरुस्तीचं सूत्र वेगळं द्या, रिकाम्या नळ्यांचे आकडे द्या, वगळलेले दिवस कारणासकट द्या. प्रत्येक नमुन्याबरोबर हस्तांतरणाचा कागद हवा: कुणी घेतला, किती वाजता, कुणाकडे दिला, सील शाबूत होतं का. मागणी नेमकी ठेवा. ‘प्रदूषण थांबवा’ म्हणण्याऐवजी अमुक तारखांना, अमुक तासांत चिमणीवरच्या सतत मोजणी यंत्राच्या नोंदी आणि भट्टीची कामकाज-वही मागा. तुमच्या उंचवट्यांच्या वेळा त्यांच्या वहीतल्या नोंदींशी जुळतात की नाही, हे तपासायला प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याला तासभर पुरतो.